मेकेलेतला मांडव

मी इथिओपियात शिकवायला होते हे कळलं की बार्शीत पहिला प्रश्न येतो तो करमण्याचा. एकटी बाई, एवढ्या लांब, ना आपलं माणूस ना आपली भाषा, मग दिवस जायचा कसा? विचारणारीच्या डोळ्यांपुढे एक रिकामी खोली असते आणि तिच्या खिडकीशी बसलेली मी असते. खरं तर मेकेलेत मला एकटं बसायला मिळणंच कठीण होतं. विद्यापीठातून येऊन दार लावून घेतलं की थोड्याच वेळात कोणीतरी दार वाजवायचं, "बरं नाही का?" म्हणून. निजायची वेळ सोडून दार लावलेलं माणूस आजारी असणार, असं त्या आवारात सगळे धरून चालत.

मेकेले हे उत्तर इथिओपियातल्या तिग्राय प्रांताचं मुख्य शहर. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून उंच, कोरड्या हवेचं, दगडी घरांचं. पूर्वेला जमीन उतरत उतरत डानाकिलच्या खोलगट प्रदेशात जाते. तो भाग समुद्रसपाटीच्याही खाली आहे. तिथलं मीठ लाद्यांच्या रूपात कापून उंटांवर लादून वर आणायचा व्यापार शतकानुशतकं चाललेला, आणि एके काळी या लाद्याच चलन म्हणून चालत. रस्त्यांवर निळ्या-पांढऱ्या तीनचाकी रिक्षा, आपल्या वाळूजला तयार झालेल्या. पहिल्या आठवड्यात त्या रिक्षांकडे बघूनच मला धीर यायचा.

2000 नंतर इथिओपियाने एकामागून एक विद्यापीठं काढली. शिकवायला माणसं कमी पडली आणि ती भारतातून मोठ्या संख्येने गेली. मेकेले विद्यापीठही 2000 सालचंच, दोन कॉलेजं एकत्र करून झालेलं. इकडे मी नेट, पीएच.डी. सगळं करून तासिका तत्त्वावर शिकवत होते. बिल निघायचं तेव्हा निघायचं. आईने शिवणकाम करून आम्हा दोघा भावंडांना वाढवलं होतं. आता तिचे डोळे थकले होते आणि माझ्या पगारावर तिला विसावता येत नव्हतं. दादा म्हणाला, "जा तू. आईकडं मी हाय." गेले.

तिथे आम्हा भारतीयांचा एक गोतावळा होता. केरळचे, आंध्रचे, तमिळनाडूचे प्राध्यापक, बरेचसे कुटुंबासह आलेले. रविवारी कोणाकडे तरी जेवण असायचं. बोलणं डॉलरच्या भावाचं, करार पुढे वाढण्याचं, निवासपरवान्याचं, मुलांच्या तिकडच्या प्रवेशांचं. माणसं चांगली होती, अडीअडचणीला धावून येणारी. पण त्या बैठकीत बसलेला प्रत्येक जण मनाने परतीच्या विमानात असायचा. माझंही पहिल्या वर्षी तसंच होतं. ते बदललं अदेयमुळे.

अदेय ही माझी घरमालकीण. हे तिचं नाव नव्हे. तिग्रिन्या भाषेत आईला अशी हाक मारतात, आणि आवारातली सगळीच बिऱ्हाडं तिला तसंच म्हणत. साठीच्या आसपासची, उंच, केसांच्या बारीक वेण्या डोक्यालगत घट्ट घातलेली. नवरा केव्हाच गेलेला, थोरला मुलगा दुसऱ्या गावी, धाकटी लेक प्राथमिक शाळेत शिक्षिका. मी भाड्याची बोलणी करायला गेले तेव्हा तिने भाडं बाजूला ठेवून माझी साडी बघितली. सम्राट हैले सेलासींच्या काळात तिथल्या शाळांमधून खूप भारतीय शिक्षक होते. अदेयला गणित शिकवणारी बाई साडी नेसायची. लेकीकरवी ती मला म्हणाली, "ती बाई हातावर छडी मारायची. पण पाढे अजून पाठ आहेत." आणि तिने मला तिच्या भाषेत सातचा पाढा म्हणून दाखवला.

तिला मधुमेह होता आणि इन्शुलिन घ्यावं लागायचं. आवारात फ्रीज होता तो फक्त माझ्या खोलीत. पहिल्याच महिन्यात तिचं इन्शुलिन माझ्या फ्रीजच्या दारात येऊन बसलं. रोज सकाळी चर्चमधून आली की ती दार वाजवायची. "कमेय हादिर्की, ग्वालेय?" रात्र कशी गेली, लेकी? दाराशी उभं राहून ती रात्रीची, पोटाची, स्वप्नांची, बार्शीच्या आईची विचारपूस करायची, मी उत्तरं द्यायची, आणि मग ती आपली कुपी घेऊन जायची. वीज गेली की आमची दोघींची धावपळ. ओल्या फडक्यात गुंडाळून ती कुपी मातीच्या भांड्यात ठेवायची. त्या फडक्यावर पाणी शिंपडत मी पेपर तपासलेले आहेत.

"उद्या दहा वाजता कॉफीला ये." तिथे दिवस सूर्योदयापासून मोजतात, म्हणजे त्यांचे दहा आपले दुपारचे चार. कॉफी हा तिथे दुपारभराचा कार्यक्रम. अदेय जमिनीलगतच्या बुटक्या स्टुलावर बसायची. शेगडीत कोळसे. कच्च्या हिरवट बिया पाण्यातून चोळून काढायची आणि लोखंडी तव्यात टाकून सतत हलवत राहायची. आधी गवतासारखा वास, मग करपट, मग एकदम कॉफीचा. बिया काळ्या, तेलकट झाल्या की तवा उचलून प्रत्येकीच्या पुढ्यात फिरवायचा. आपण हाताने तो धूर आपल्याकडे ओढून घ्यायचा आणि चांगलं म्हणायचं. मग कुटणं. मग लांब मानेच्या काळ्या मातीच्या जबेनात ती पूड पाण्याबरोबर चढवायची. धूप घालायचा. बिनकानाचे छोटे पेले मांडायचे आणि उंचावरून एका धारेत, न थांबता, ओळीने भरायचे. पहिला पेला अवेल, तोच पुन्हा पाणी घालून उकळला की कलाय, आणि तिसरा बेरेका, आशीर्वादाचा. बेरेका घेतल्याशिवाय उठायचं नाही. सुरुवातीला मला भाषेतला एक शब्द कळत नव्हता, तरी तिसऱ्या पेल्यापर्यंत मला कोणी उठू दिलं नाही. तेफ या तिथल्या धान्याचं पीठ किती महागलं, कोणाच्या मुलीला कुठून विचारणा आली, कोणता मुलगा पुन्हा नापास झाला, हे मी आधी चेहऱ्यांवरून आणि मग हळूहळू शब्दांवरून शिकले. तिग्रिन्याची माझी सगळी शाळा त्या शेगडीपाशी झाली. विद्यापीठात इंग्रजी चालायचं, त्यामुळे तिथे काही शिकायची गरजच पडली नाही.

एके दिवशी तिच्या चुलीशी सुपात काळे बारीक दाणे दिसले. मी मूठभर उचलले आणि ओरडलेच. कारळे! सोलापूरकडे कारळ्याची चटणी नाही असं घर नसतं, आणि इथे ते पोत्याने. तिथे त्यांना नूग म्हणतात, त्याचं तेल गाळतात. मग पुस्तकांतून बघितलं तर कारळ्याचं मूळ घरच इथिओपियाचा डोंगरी भाग. ज्वारीही मूळची ईशान्य आफ्रिकेतली. मी ज्या ताटाला आईचं ताट म्हणत होते त्यातलं बरंचसं याच बाजूने निघून कधीकाळी आमच्याकडे पोचलं होतं. हे कळल्यावर मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. पण त्या दिवसापासून बाजारात ज्वारीच्या ढिगापुढे मी पाहुण्यासारखी उभी राहिले नाही.

अदेयच्या मातीच्या मोठ्या तव्यावर मी कारळे भाजले. ते तडतडायला लागले तशी ती मागे सरकली, मग हसली. लसूण, मीठ, त्यांचंच लाल तिखट घालून चटणी कुटली. तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवारी आणि शुक्रवारी आणि ईस्टरच्या आधी आठेक आठवडे मांस, दूध, अंडी काही खात नाहीत. त्या दिवशी बुधवार होता. तेफच्या आंबवलेल्या ताइताचा, म्हणजे तिथल्या भाकरीचा, तुकडा तोडून तिने त्यात चटणी गुंडाळली, आणि स्वतः खायच्या आधी माझ्या तोंडात घास घातला. तिकडची ती रीतच आहे, आपल्या हाताने दुसऱ्याला घास भरवायची, आणि घास जेवढा मोठा तेवढं प्रेम जास्त. पुढे दर बुधवारी चटणी माझ्याकडे लागली. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "जरा तीळ घालत जा गं, कडवट लागत असंल त्यांना." मग तीळ घालायला लागले. दोघी कधी एकमेकींना भेटल्या नाहीत, पण चटणी दोघींच्या सल्ल्याने व्हायची.

आता इदिरबद्दल. तिथे इकुब असते ती आपली भिशीच, दर महिन्याला पैसे जमवून पाळीपाळीने उचलायचे. इदिर वेगळी. इदिरमध्ये वर्गणी भरायची ती मरणासाठी. त्या पैशांतून मोठी ताडपत्री, बाकं, पातेली, ताटं घेऊन ठेवलेली असतात. सभासदाच्या घरी कोणी गेलं की काही तासांत अंगणात मांडव उभा राहतो, बाकं लागतात. बायका रांधायला लागतात, पुरुष रात्रभर सोबतीला बसतात. तीन दिवस त्या घराने चूल पेटवायची नाही आणि एकटं राहायचं नाही. कारण नसताना जो सभासद येत नाही त्याला दंड होतो. माणसाच्या दुःखाशेजारी बसणं हे कर्तव्य मानून त्याची अशी पक्की व्यवस्था लावणारा समाज मी दुसरा पाहिलेला नाही. आपल्याकडेही शेजारपाजार धावतो, पण तो माणसामाणसाच्या मायेवर. ज्याला माया करणारं कोणी नाही, त्याचं काय? इदिरला ते विचारावंच लागत नाही.

आवारातल्या मयतांना मी जात होतेच. एकदा महिन्याच्या बैठकीआधी अदेय सरळ म्हणाली, "तुझं इथे कोणी नाही. तू मेलीस तर मांडव कोण घालणार? वर्गणी भर." बैठकीत एकाने शंका काढली की ही तर करार संपला की जाणार, आणि हिची मरणारी माणसं सगळी समुद्रापलीकडे. अदेय उठून म्हणाली, "मरणारी तिकडे असतील, रडणारी तर इथे आहे." त्यावर कोणी काही बोललं नाही. वहीत माझं नाव आलं. वारस म्हणून दादाचं नाव आणि बार्शीचा फोन नंबरही लिहून घेतला.

आई गेली ती पहाटे. दादाचा फोन आला तेव्हा माझ्याकडे अजून रात्र होती, आपल्यापेक्षा तिथलं घड्याळ अडीच तास मागे. "तू येईस्तोवर थांबता यायचं न्हाई," एवढंच तो बोलू शकला. आणि मला निघताही येणार नव्हतं. माझा पासपोर्ट निवासपरवान्याच्या नूतनीकरणासाठी आदिस अबाबाला गेलेला होता. मी पायरीवर येऊन बसले. अंधारातच अदेय चर्चला निघाली होती. तिने मला पाहिलं, माझ्या हातातला फोन पाहिला आणि तिला सगळं कळलं. पहिल्यांदा ती चिडली. माझ्यावर नाही, सांगणाऱ्यावर. "रात्री सांगितलं? फोनवर? एकटीला?" तिग्रायमध्ये मरणाची बातमी अशी देतच नाहीत. ज्याचं माणूस गेलं त्याला रात्रभर झोपू देतात. पहाटे जवळची माणसं गोळा होतात, सगळी मिळून दाराशी येतात, कोणीतरी शेजारी बसतं, मग तोंडातून शब्द काढतात. माणसाने ते ऐकताना खाली पडू नये म्हणून धरायला हात लागतात, असं तिचं म्हणणं. तिने मला धरलं. उशिरा धरलं म्हणून ती रडत होती.

ऊन वर येईपर्यंत अंगणात मांडव उभा होता. ज्या बाईला त्यांच्यापैकी कोणी पाहिलेलं नव्हतं, जिचं गाव त्यांना नकाशात दाखवता आलं नसतं, तिच्यासाठी. बायका येत होत्या त्या पांढऱ्या नेत्सेला पांघरून, दुखवट्यात घेतात तशा, रंगीत काठ गळ्याशी घेऊन. अदेयची लेक माझा फोन घेऊन गेली आणि दुपारी आईचा फोटो मोठा करून, चौकट लावून घेऊन आली. भाचीच्या बारशातला फोटो. आई हिरव्या साडीत, चष्मा थोडा तिरपा, कोणाला तरी "अगं हळू" म्हणत असल्यासारखा चेहरा. तो फोटो बायकांनी आळीपाळीने हातात धरला.

मग शोकगीत म्हणणारी आली. हे काम काही बायकांनाच येतं. गेलेल्या माणसाचं आयुष्य त्या जागच्या जागी गाण्यात बांधतात. तिने आधी माझ्याजवळ बसून चौकशी केली. आई काय करायची? शिवणकाम. कशावर? पायाच्या मशीनवर. किती लेकरं? दोन. नवरा? लवकर गेला. तिला काय आवडायचं? मला पटकन आठवेना. मग आठवलं, लग्नाचे ब्लाउज शिवायला आवडायचे, कारण त्यांचं कापड चांगलं असायचं. तिने मान डोलावली, उठली, आणि म्हणायला लागली. मला अर्धंच कळत होतं. मशीन, रात्र, दोन लेकरं, दुसऱ्यांच्या लग्नाचं रेशीम. एका ठिकाणी तिने हात गोल फिरवला, मशीनच्या चाकासारखा, आणि बाकांवरच्या बायका मोठ्याने रडल्या. त्यातल्या कितीजणींनी रात्र रात्र जागून अशीच लेकरं वाढवली होती ते मला माहीत होतं. माझी आई त्या मांडवात परकी राहिली नाही.

तीन दिवस मी एक शब्द न बोलता बसू शकले. माझे विद्यार्थी गटागटाने आले, मान खाली घालून थोडा वेळ बसले आणि गेले. केरळचे सहकारी पुरुषांच्या बाकांवर रात्री बसले, त्यांच्यातल्या एकाने आदिसला खेपा घालून पासपोर्टही सोडवून आणला. मी बार्शीला पोचले तेव्हा तेरावा होऊन गेला होता. घर आवरलेलं होतं, मशीनवर चादर होती. दादा सारखा म्हणायचा, "तुला काहीच मिळालं नाही." मला जे मिळालं ते त्याला सांगायचा मी खूप प्रयत्न केला.

2020च्या फेब्रुवारीत, दोन सत्रांमधल्या सुट्टीत, मी महिनाभरासाठी घरी आले. मार्चमध्ये विमानं बंद झाली. माझी भांडी, पुस्तकं, फ्रीज सगळं तिथेच. अदेय फोनवर म्हणायची, खोली झाडून ठेवली आहे, लवकर ये. ऑनलाइन शिकवणं थोडं झालं, मग तेही थांबलं. नोव्हेंबरच्या 3 तारखेच्या रात्रीनंतर तिग्रायचे फोन लागेनासे झाले. 4 तारखेला केंद्र सरकार आणि तिग्राय यांच्यात युद्ध सुरू झाल्याची बातमी आली. 28 नोव्हेंबरला केंद्र सरकारच्या फौजांनी मेकेले घेतलं. डिसेंबरात शहरातले फोन पुन्हा लागू लागले आणि अदेयचा आवाज ऐकला. ती युद्धाबद्दल बोलेना. "तुझा फ्रीज चालू आहे," म्हणाली. थोरल्या मुलाची खबर नव्हती. जून 2021च्या अखेरीला त्या फौजा शहर सोडून गेल्या आणि त्यानंतर तिग्रायला जणू वेढाच पडला. फोन, इंटरनेट, बँका, वीज, पेट्रोल, औषधं, एकेक करून सगळं बंद. सहकाऱ्यांचे पगार थांबले, बँकेत असलेले पैसेही काढता येईनात.

माझं विद्यापीठ एन्दा येसुसच्या टेकडीवर आहे. 1896च्या जानेवारीत इटालियन सैन्य तिथल्या किल्ल्यात अडकलं होतं. इथिओपियन फौजेने पाणी तोडलं, तेव्हा त्यांना किल्ला सोडावा लागला, आणि मार्चच्या 1 तारखेला अडवाच्या लढाईत इटलीचा पराभव झाला. विद्यार्थी मला ही गोष्ट छाती फुगवून सांगायचे. ते विद्यार्थी, सगळ्या देशातून आलेले, एका बाकावर बसून माझ्याकडून संभाव्यता शिकलेले, आता एकमेकांसमोर बंदुका घेऊन उभे असतील, हे मला झोपू देत नव्हतं. या युद्धातल्या मृत्यूंचे अंदाज काही लाखांच्या घरात जातात. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत मी रोज शोधायची. कधीतरी आतल्या पानावर चार ओळी. जगाचं एवढं मोठं दुःख आपल्याला इतकं लहान कसं दिसतं, याचा मला राग येतो, अजून येतो.

दीड वर्ष मी रोज तो नंबर लावला. 2 नोव्हेंबर 2022ला प्रिटोरियात शस्त्रसंधीचा करार झाला. डिसेंबरच्या शेवटी मेकेलेला पहिलं प्रवासी विमान उतरल्याचं वाचलं. फोन हळूहळू लागत होते असं सहकारी कळवत होते, पण अदेयचा लागेना.

जानेवारीतली गोष्ट. सकाळी दूध तापवत होते. दार वाजलं. उघडलं तर दादा, वहिनी, शेजारच्या दोघी, आणि मागे पांगरीची आत्या. आत्या गुडघ्यांमुळे घराबाहेर पडत नाही. एवढ्या सकाळी, सगळी मिळून, कोणी काही न बोलता. वहिनी येऊन माझा दंड धरून उभी राहिली. मी तिग्रायमध्ये राहिलेली होते. मला सांगायची गरज उरली नाही.

अदेयच्या लेकीने इदिरच्या वहीतला दादाचा नंबर शोधला होता. आदल्या संध्याकाळी तिचा इंग्रजीतला निरोप त्याला आला. दादाने तो मला नंतर दाखवला. तुमच्या बहिणीला आज रात्री सांगू नका. फोनवर सांगू नका. सकाळी चार माणसं गोळा करा, एखादी मोठी बाई बोलवा, कोणीतरी तिला धरा, आणि मग सांगा की आमची आई गेली. दादाला कोण, काय, नीट उमगलं नव्हतं. पण आई गेली तेव्हा आपण फोनवर काय केलं ते त्याच्या मनात होतंच असणार. रात्रीच तो गाडी काढून आत्याला आणायला पांगरीला गेला.

आत्या माझ्याशेजारी भिंतीला टेकून बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "काय करायची गं ती बाई? सांग की." मी सांगितलं. कॉफीचं, पाढ्यांचं, मांडवाचं, आईच्या फोटोचं. कारळ्याच्या चटणीचं सांगितलं तेव्हा आत्याने पदर तोंडाला लावला, आणि मग जुन्या बायका रडतात तशी हेल काढून रडली. "माझ्या वैनीसाठी रडली गं ती माय, माझ्या वैनीसाठी." वहिनीने त्या दिवशी मला चूल पेटवू दिली नाही.

लेकीशी बोलणं झालं ते दोन दिवसांनी. 2022च्या ऑगस्टात, ऐन पावसाळ्यात गेली अदेय. इन्शुलिन मिळेनासं झाल्यावर ती मात्रा निम्मी करत होती, मग निम्म्याची निम्मी, मग एक दिवस सोडून. शेवटची कुपी संपल्यावर काही आठवडे काढले. वीज नव्हती तरी रोज सकाळी ती माझ्या खोलीत जाऊन बंद फ्रीज पुसायची. थोरल्या मुलाचा पत्ता तोपर्यंत लागलेला नव्हता, आणि अजूनही नाही. इदिरची ताडपत्री शाळांमधून राहणाऱ्या विस्थापितांना देऊन टाकलेली, आणि ती द्यायला पुढाकार अदेयचाच होता. त्यामुळे तिच्यासाठी मांडव घालता आला नाही. लोक पावसात छत्र्या धरून अंगणात बसले. कॉफी नव्हती, भाजलेली बार्ली होती मूठमूठ. पण सगळे आले, असं लेक म्हणाली. एकालाही दंड लावावा लागला नाही.

शोकगीत म्हणणारी तीच होती. तिने काय म्हटलं, मी विचारलं. लेक म्हणाली, ते जागच्या जागी रचलेलं असतं, कोण लक्षात ठेवणार, आणि मी शुद्धीत कुठे होते. चर्चचं होतं, भावाचं होतं, ताडपत्रीचं होतं. मग थांबून म्हणाली, तुझंही होतं. समुद्रापलीकडच्या लेकीचं काहीतरी. बायकांनी तेव्हा तुझ्या खोलीच्या दाराकडे बघितलं, एवढं आठवतं. पुढचे शब्द आठवत नाहीत.

त्या बाईला विचारून सांगते म्हणाली आहे. ती बाई आता गावाकडे गेली आहे आणि तिकडे फोन अजून नीट लागत नाही. मी दर फोनला आठवण करते.